वार आणि हृदय : गर्भातील दोन सहोदरांचा अभ्यास

स्मरणिकेसाठी एखादा अभ्यासपर लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा मी विषय लगेच सांगून टाकला : वार. ‘वारेवर कोण वाचणार?’ असे एका स्नेही डॉक्टरांनी हसत विचारले. प्रश्न रास्त होता. प्रसूतिगृहात बाळ रडले की सर्वांचे लक्ष बाळाकडे जाते. वार पडली, ती पूर्ण आली की एखादा तुकडा आत राहिला एवढे पाहिले, रक्तस्राव आटोक्यात आहे याची खात्री करून घेतली, की तिचे काम संपले. मग २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती पिवळ्या पिशवीत जाते. नऊ महिने जिने बाळाचे फुप्फुस, मूत्रपिंड, आतडे आणि अंतःस्रावी ग्रंथी या सर्वांची कामे एकटीने सांभाळली, तिची पाहणी अर्ध्या मिनिटात उरकते.

घरोघरी बाळंतपणे होत असत, त्या काळी वार आणि नाळ घराच्या आवारात पुरण्याची रीत होती. ‘माझी नाळ इथे पुरली आहे’ हा आपला वाक्प्रचार त्यातूनच आला. आज गोव्यात जवळजवळ सर्व प्रसूती रुग्णालयांत होतात. पेडण्याचे सामाजिक आरोग्य केंद्र असो, डिचोलीचे असो, म्हापशाचे जिल्हा रुग्णालय असो की बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय. प्रत्येक वार आता आपल्याच व्यवसायातील कोणाच्या तरी हातांतून जाते. तिच्याकडे पाहण्याची संधीही त्यामुळे आपल्यालाच आहे. माझे म्हणणे एवढेच की, ज्या बाळाच्या हृदयात जन्मजात दोष आहे त्याच्या हृदयाबरोबर त्याची वारही तपासली पाहिजे. गर्भारपणी सोनोग्राफीने आणि प्रसूतीनंतर हाताने, काट्यावर आणि सूक्ष्मदर्शकाखाली.

हा संबंध आपल्या परंपरेला अगदीच अनोळखी नव्हता. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भपोषणाचे जे वर्णन आहे, त्यात नाळ अपरेला जोडलेली आणि अपरा थेट मातेच्या हृदयाशी निगडित, तिथून स्पंदणाऱ्या शिरांवाटे रस येतो, असा क्रम सांगितला आहे. गर्भिणीला आयुर्वेदात दौहृदिनी, म्हणजे दोन हृदयांची, म्हटले आहे, आणि आपला ‘डोहाळे’ हा घरगुती शब्द त्याच कुळातला मानला जातो. प्राचीनांना सर्व काही ठाऊक होते, असे सिद्ध करण्याचा माझा हेतू मुळीच नाही. तसल्या लेखांचा मला कंटाळा आहे. परंतु दोन हृदये आणि त्यांच्या मधोमध अपरा हे चित्र मात्र आजच्या गर्भवैद्यकालाही उपयोगी पडणारे आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. हजार जिवंत जन्मांमागे सुमारे आठ ते दहा बाळांच्या हृदयात काही ना काही रचनादोष असतो. म्हणजे एखाद्या छोट्या तालुक्यातही दरवर्षी अशी काही बाळे जन्मतात. त्यांपैकी कित्येक दोष पडद्यातील लहान छिद्राइतके सौम्य असतात. काही मात्र जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यातच जिवावर बेतणारे. कारण विचारले तर थोड्याच बाळांत गुणसूत्रांचा किंवा एखाद्या जनुकाचा स्पष्ट दोष हाती लागतो. काहींत मातेचा आधीपासूनचा मधुमेह, गरोदरपणाच्या सुरुवातीचा रुबेला वा एखादे औषध कारणीभूत असते. उरलेल्या मोठ्या गटापुढे आपण ‘बहुविध कारणे’ असा गोल शब्द लिहून मोकळे होतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ज्या एका दिशेने या गटावर प्रकाश पडू लागला आहे, ती दिशा वारेची आहे.

काळाचा हिशेब पाहा. गर्भधारणेनंतर सुमारे बावीसाव्या दिवशी हृदयाची साधी नळी स्पंदू लागते. त्याच सुमारास वारेतील केसासारख्या अंकुरांमध्ये पहिल्या रक्तवाहिन्या तयार होत असतात. आठव्या आठवड्यापर्यंत नळीचे वळण, कप्पे, पडदे आणि झडपा यांची मुख्य बांधणी उरकते. या काळात गर्भाच्या हृदयातून निघणारे रक्त फुप्फुसांकडे जवळजवळ जातच नाही. त्याचा फार मोठा भाग वारेत जाऊन परत येतो. कोवळ्या हृदयाला ज्या पहिल्या दाबाविरुद्ध आणि ज्या पहिल्या प्रवाहाबरोबर काम करावे लागते, तो वारेच्या वाहिन्यांनी ठरवलेला असतो. वाहत्या रक्ताचा जोर आणि घर्षण हे हृदयाच्या भिंतींना आकार देणारे हत्यारच होय. वारेचे जाळे विरळ किंवा आखूड वाढले, तर प्रवाह बदलतो. प्रवाह बदलला, तर घडणाऱ्या हृदयावरचा हात बदलतो.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात नसते. पहिल्या दहा-बारा आठवड्यांत मातेचे रक्त वारेच्या पोकळीत मोकळेपणाने येतच नाही. गर्भाशयाच्या नागमोडी रोहिण्यांची तोंडे ट्रोफोब्लास्ट पेशींच्या बुचांनी जवळजवळ बंद असतात आणि गर्भ कमी प्राणवायूच्या वातावरणात घडत असतो. ही बुचे योग्य वेळी सुटावीत आणि त्याच ट्रोफोब्लास्ट पेशींनी त्या रोहिण्यांच्या भिंती सैल व रुंद कराव्यात, ही निरोगी गर्भारपणाची गुरुकिल्ली आहे. ते नीट झाले नाही, तर पुढे रक्तदाब, प्री-एक्लॅम्प्सिया, खुरटलेले बाळ ही मालिका सुरू होते. म्हणजे प्री-एक्लॅम्प्सियाचे बीज आणि हृदयाचे कप्पे एकाच ऋतूत पेरले जातात.

वार आणि हृदय यांचा संबंध तीन प्रकारे असू शकतो. दोघांच्या बांधणीत तीच जनुके वापरली जातात, म्हणून एका चुकीने दोघेही बिघडतात, हा एक प्रकार. वार आधी बिघडते आणि हृदयाला बिघडवते, हा दुसरा. हृदय आधी बिघडते आणि त्यामुळे वारेला पुरेसा किंवा योग्य दाबाचा पुरवठा होत नाही, हा तिसरा. तिन्हींना पुरावा आहे, आणि एकाच रुग्णेत तिन्ही एकत्र असू शकतात.

दुसऱ्या प्रकारचा पुरावा सर्वांत रोचक आहे, म्हणून त्यावर थोडा थांबतो. १९९९ साली अमेरिकेतील बराक आणि एव्हन्स यांच्या गटाने पीपार-गॅमा या जनुकाविना उंदरांचे गर्भ वाढवले. त्यांच्या हृदयाच्या भिंती पातळ राहिल्या आणि ते गर्भातच दगावले. संशोधकांनी मग एक युक्ती केली : गर्भ तोच सदोष जनुकाचा ठेवला, परंतु त्याला निरोगी पेशींपासून बनलेली वार दिली. हृदयाची भिंत सुधारली! जनुक हृदयात नव्हतेच; दोष वारेत होता आणि फळ हृदयाने भोगले होते. पुढे २०१८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात केंब्रिजजवळील बाब्राहम संस्थेच्या मिरियम हेमबर्गर आणि सहकाऱ्यांनी शंभराहून थोड्या अधिक उंदीर-वंशांची पाहणी प्रसिद्ध केली. या सर्व वंशांत कोणते तरी एक जनुक काढल्यामुळे गर्भ जगत नसे. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश वंशांत वारेत दोष आढळला, आणि वारेतील दोषाची जोडी मुख्यतः हृदय, रक्तवाहिन्या व मेंदू यांच्या दोषांशी जमत होती. त्यापूर्वी अशा वंशांत बहुतेकांनी वार पाहिलीच नव्हती. प्रयोगशाळेतही ती पिवळ्या पिशवीतच जात होती म्हणायची.

उंदीर पुरेसे वाटत नसतील, त्यांनी एकाच वारेवरची जुळी पाहावीत. दोघांची जनुके सारखी, आई एक, आहार एक. तरीही अशा जुळ्यांत हृदयदोषांचे प्रमाण एकेकट्या बाळापेक्षा कितीतरी पटीने अधिक असते. त्यांच्या वारेतील आडव्या रक्तवाहिन्यांवाटे एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे वाहू लागले, म्हणजे ट्विन-टू-ट्विन ट्रान्सफ्यूजन झाले, की ज्याच्याकडे जास्त रक्त येते त्याचे हृदय जाड होते, झडपा गळू लागतात आणि कधी कधी फुप्फुस-रोहिणीची झडप अरुंद होत जाते. पाचव्या महिन्यात निर्दोष दिसलेले हृदय सातव्या महिन्यात सदोष दिसू शकते. दुर्बिणीतून लेसरने त्या वाहिन्या बंद केल्या, तर हृदयाचे काम पुष्कळदा सुधारते. वार माणसाच्या हृदयाची रचना बदलू शकते, याचा याहून थेट दाखला मला माहीत नाही. म्हणून एकाच वारेवरची जुळी दिसताच गर्भाच्या हृदयाची सविस्तर सोनोग्राफी सुचवावी. आणि जुळी एका वारेवरची की दोन, हे पहिल्या तिमाहीतच अहवालात लिहून घ्यावे. नंतर ते ओळखणे कठीण जाते.

मोठ्या लोकसंख्येतील निरीक्षणेही हेच सुचवतात. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९८९ ते २०१२ या काळात जन्मलेल्या एकोणीस लाखांहून अधिक बाळांची नोंद तपासली असता, प्री-एक्लॅम्प्सिया झालेल्या मातांच्या बाळांत हृदयदोषाचे प्रमाण हजारी १६.७ आणि इतर बाळांत ८.६ आढळले. बारकाईने पाहिले तर ही वाढ मुख्यतः पडद्यातील छिद्रांसारख्या कमी गंभीर दोषांची होती. मात्र चौतिसाव्या आठवड्यापूर्वी सुरू झालेल्या प्री-एक्लॅम्प्सियात गंभीर दोषही अधिक होते. डेन्मार्कमध्ये १९९७ ते २०११ मधील जन्मांच्या अभ्यासात टेट्रॅलॉजी ऑफ फॅलो, उजव्या जवनिकेतून दोन्ही महारोहिण्या निघण्याचा दोष आणि मोठे व्हीएसडी या तीन प्रकारांत वारेचे वजन कमी भरले. बार्सिलोनातील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की, गर्भाला हृदयदोष असलेल्या मातांच्या रक्तात वाहिन्या वाढवणारे पीएलजीएफ हे द्रव्य कमी असते; प्री-एक्लॅम्प्सियात आपल्याला दिसणारे चित्र तेच. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात १२० वारा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या गेल्या, तेव्हा अपक्व अंकुर, रक्ताच्या गुठळ्या, मृत झालेले भाग, केशवाहिन्यांची अवाजवी गर्दी असे दोष पुष्कळ निघाले.

इथे एक सावधगिरीचा शब्द. ‘संबंध आढळला’ म्हणजे ‘कारण सापडले’ नव्हे, हे आपण पदवीच्या वर्गात शिकलो आणि परिषदांमधील रंगीत स्लाइड्स पाहताना विसरलो. हृदयदोष असलेल्या बहुसंख्य बाळांच्या माता प्री-एक्लॅम्प्सियामुक्त असतात, आणि प्री-एक्लॅम्प्सिया झालेल्या बहुसंख्य मातांची बाळे निर्दोष हृदयाची असतात. सर्व हृदयदोषांचे खापर वारेवर फोडणे हे कालच्या ‘बहुविध कारणे’ या उत्तराइतकेच आळशी ठरेल.

आपल्या प्रदेशाचे काय? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत मातांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात गरोदरपणाच्या मध्यावर सोनोग्राफीने वारेचे आकारमान मोजले गेले होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या मातांशी तुलना करता आपल्या ग्रामीण मातांची वार त्या वेळीच लहान होती, आणि तिचा संबंध गर्भधारणेपूर्वीच्या आईच्या वजनाशी लागत होता. तो अभ्यास हृदयदोषांचा नव्हता, त्यामुळे त्यावरून उडी मारून निष्कर्ष काढू नये. परंतु वार कशी होणार याचा निर्णय लग्नाआधीच्या आणि दिवस राहण्याआधीच्या मुलीच्या ताटात बराचसा होतो, हे मात्र त्यातून कळते.

गोव्याचा प्रश्न वेगळ्या टोकाचा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक, निघाले. गर्भधारणेपूर्वीपासून असलेला आणि काबूत नसलेला मधुमेह हा हृदयदोषाचा धोका तिप्पट ते पाचपट वाढवतो, आणि तोच मधुमेह वारेच्या वाहिन्यांचीही घडी बिघडवतो. गरोदरपणात उद्भवणाऱ्या मधुमेहाचा हृदयरचनेशी संबंध त्यामानाने क्षीण आहे, कारण तो येईतो हृदय बांधून झालेले असते. मुलगी आपल्याकडे नोंदणीला येते दहाव्या-बाराव्या आठवड्यात. तोपर्यंत हृदय आणि वार दोन्हींचा पाया घालून झालेला असतो. म्हणून तिशीकडे झुकलेली, आईवडिलांना मधुमेह असलेली नवविवाहिता सर्दीतापासाठी जरी दवाखान्यात आली, तरी तिची साखर आणि हिमोग्लोबिन ए१सी तपासून घ्यावे, आणि फॉलिक आम्ल दिवस राहण्यापूर्वी सुरू करावे, असे मी सुचवीन. हे काम प्रसूतितज्ज्ञाचे नाही. मये, साखळी, कासारवर्णे, मांद्रे, कोरगाव इथल्या कुटुंबवैद्याचे आहे.

आता प्रत्यक्ष व्यवहारातील पेचाविषयी. बाळाच्या हृदयात दोष आहे हे अठरा ते बावीस आठवड्यांदरम्यान समजले, की पुढील प्रश्न असतो प्रसूती कुठे आणि केव्हा. हृदयदोषाच्या बाळाला शक्य तर एकोणचाळीस आठवडे पूर्ण करू द्यावेत. त्याहून लवकर जन्मलेल्या बाळांची शस्त्रक्रियेनंतरची वाटचाल खडतर असते, हे अनेक केंद्रांच्या अनुभवातून स्पष्ट झाले आहे. उलट, वार थकली असेल तर थांबण्यात बाळ गमावण्याचा धोका असतो. हृदय म्हणते थांबा, वार म्हणते थांबू नका. आपण निर्णय घेतो तो डॉप्लरच्या आधारे, आणि नेमका तोच आधार या बाळांत फसवा असतो.

तो कसा, हे सांगणे मला या लेखातील सर्वांत महत्त्वाचे वाटते. निरोगी हृदयाच्या बाळात मेंदूच्या रोहिणीतील रोध कमी झाला, तर आपण ‘वार अपुरी पडते आहे, बाळ मेंदूला वाचवते आहे’ असा अर्थ लावतो. परंतु डाव्या बाजूचे हृदय अविकसित असेल, तर मेंदूला रक्त डक्टसमधून उलटे फिरून जाते. महारोहिण्यांची अदलाबदल असेल, तर मेंदूकडे कमी प्राणवायूचे रक्त जाते. दोन्ही स्थितींत मेंदूच्या वाहिन्या आपोआप सैल होतात, वार कितीही उत्तम असली तरी. तसेच फुप्फुस-रोहिणीची झडप फार गळत असेल, तर नाळेच्या रोहिणीतील शेवटचा प्रवाह नाहीसा वा उलटा होऊ शकतो, आणि तो दोष वारेचा नसतो. डक्टस व्हेनोससमधील उलटी लाट हृदय थकल्याचीही असते आणि वार थकल्याचीही. एकाच आकड्यामागे दोन आरोपी असू शकतात. म्हणून अशा बाळात एकाच डॉप्लरवर शस्त्रक्रियेची घाई करू नये. मातेच्या गर्भाशय-रोहिण्यांचा डॉप्लर, बाळाची दर दोन आठवड्यांची वाढ, गर्भजल आणि मातेचा रक्तदाब हे चारही साक्षीदार बोलावावेत. गर्भाशय-रोहिण्यांवर बाळाच्या हृदयाचा थेट परिणाम होत नाही, त्यामुळे वारेविषयी त्यांची साक्ष अधिक निर्मळ असते.

डिचोली तालुक्यातील एक पहिलटकरीण आठवते. विसाव्या आठवड्यात बाळाला टेट्रॅलॉजी ऑफ फॅलो असल्याचे निदान झाले. तिसाव्या आठवड्यात बाळ वयाच्या मानाने लहान दिसू लागले आणि नाळेतील रोध वाढलेला होता. हा हृदयाचाच परिणाम असेल, असे मानण्याचा मोह होता. परंतु गर्भाशय-रोहिण्यांतील रोधही वाढलेला निघाला, म्हणून तिचा रक्तदाब घरी रोज मोजण्याची व्यवस्था केली. चौतिसावा आठवडा सरता सरता तो चढू लागला. तिला बांबोळीस पाठवले आणि छत्तिसाव्या आठवड्यात तिथे प्रसूती झाली. वार जेमतेम तीनशे ग्रॅमची, कडेला दोन-तीन ठिकाणी पांढुरकी, कडक. विकृतितज्ज्ञांच्या अहवालात मातेकडील रक्तपुरवठा अपुरा पडल्याची चिन्हे होती. बाळावर यथावकाश शस्त्रक्रिया झाली. त्या अहवालाचा खरा उपयोग पुढच्या खेपेस झाला : दुसऱ्या गरोदरपणात बाराव्या आठवड्यातच रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन सुरू करता आले. इथे गैरसमज नको. ॲस्पिरिनने लवकर होणारा प्री-एक्लॅम्प्सिया कमी होतो, हे २०१७ च्या ॲस्प्री चाचणीने दाखवले आहे. हृदयदोष टाळण्याचे ते औषध नव्हे. ते सुरू करण्याच्या वेळी हृदय घडून चुकलेले असते.

दौहृदिनीचे दुसरे हृदय, म्हणजे आईचे. एके काळी आपल्याकडे हृदयरोगी गर्भिणी म्हटली की संधिवाताच्या तापाने बिघडलेली झडप डोळ्यांसमोर येई. आता लहानपणी जन्मजात दोषाची शस्त्रक्रिया झालेल्या मुली मोठ्या होऊन, लग्न करून, ओटीभरणाला येत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. गरोदरपणात हृदयाला दर मिनिटाला चाळीस ते पन्नास टक्के अधिक रक्त बाहेर टाकावे लागते. ते जमले नाही तर पहिली उपाशी राहते ती वार. नेदरलँड्समधील झहारा-२ या अभ्यासात, जन्मजात हृदयदोष असलेल्या मातांचे हृदय गरोदरपणापूर्वी जितके दुबळे, तितका वारेचा डॉप्लर बिघडलेला, असा धागा सापडला. निळसर वर्णाच्या, शस्त्रक्रिया न झालेल्या मातांविषयीचा १९९४ चा एक युरोपीय अभ्यास आजही विसरता येत नाही : ९६ गरोदरपणांपैकी ४३ टक्क्यांत जिवंत बाळ हाती आले, आणि मातेच्या रक्तातील प्राणवायू ८५ टक्के वा त्याहून खाली असेल तर केवळ १२ टक्क्यांत. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आज प्रत्येक उपकेंद्रात असतो. हृदयाची शस्त्रक्रिया झालेली किंवा हृदयात ‘भोक आहे’ असे लहानपणी सांगितले गेलेली मुलगी आली, तर तो आकडा पहिल्याच दिवशी कार्डावर लिहावा. आयझेनमेंगर अवस्थेतील स्त्रीस गर्भधारणाच निषिद्ध आहे, हे लग्नापूर्वी सांगण्याचे धैर्यही आपणच दाखवायचे असते.

घरच्यांशी बोलण्याविषयी थोडे. बाळाच्या हृदयात दोष निघाला की घरात पहिली चौकशी सुनेची होते : ग्रहणात काय चिरले, काय खाल्ले, जिना का उतरली, स्कूटरवरून पणजीला नोकरीला का गेली. हृदय आठव्या आठवड्यापर्यंत घडून होते आणि या आरोपांपैकी बहुतेक प्रसंग त्यानंतरचे असतात, एवढे सांगितले तरी पुष्कळ ओझे उतरते. मला भीती वाटते ती निराळीच. वारेचे हे नवे शास्त्र अर्धवट पोचले, तर उद्या ‘तिची वारच खराब’ असा नवा आरोप तयार होईल. म्हणून सासूबाईंच्या समोरच सांगावे की वार हा आईचा अवयव नाही. तिचा फार मोठा भाग गर्भाच्याच पेशींचा, म्हणजे निम्मा बापाचा. इतकेच नव्हे, १९८४ साली केंब्रिजमध्ये आझिम सुरानी यांनी आणि फिलाडेल्फियात डावोर सोल्टर यांनी उंदरांवर जे प्रयोग केले, त्यांत केवळ मातेकडील जनुकांवर वाढवलेल्या गर्भाची वार खुरटलेली आणि केवळ पित्याकडील जनुकांवर वाढवलेल्या गर्भाची वार भरघोस निघाली. वारेच्या वाढीत बापाच्या जनुकांचा वाटा असा ठळक आहे. हे ऐकल्यावर खोलीत जी शांतता पसरते, ती औषधासारखी असते.

शेवटी वार पाहायची कशी, ते सांगतो. त्याला यंत्रसामग्री फारशी लागत नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाची वार साधारण पाचशे ग्रॅमची, बाळाच्या वजनाच्या सहाव्या हिश्शाची, वीत-सव्वा वीत व्यासाची असते. नाळ आणि पडदे कापून, लागलेल्या गुठळ्या काढून मगच वजन करावे. नाहीतर दोन वारांची तुलना होत नाही. नाळेच्या कापलेल्या टोकाशी वाहिन्या मोजाव्यात : दोन रोहिण्या, एक शीर. एकच रोहिणी असेल आणि बाळाचे हृदय कोणी पाहिले नसेल, तर त्याच दिवशी पाहून घ्यावे. नाळ मध्यभागी जोडली आहे की कडेला की नुसत्या पडद्याला, हे लिहावे. मातेकडील पृष्ठावर गुठळीने पडलेला खळगा, पांढरे कडक भाग, त्यांचे अंदाजे प्रमाण लिहावे. जुळी असतील तर मधल्या पडद्याचा तुकडा स्वतंत्र ठेवावा. वार लगेच पाठवता येत नसेल, तर स्वच्छ झाकणाच्या डब्यात, शीतकपाटात ठेवावी. गोठवू नये, आणि कृपा करून लसींच्या शीतकपाटात ठेवू नये. फॉर्मॅलिन दहा टक्क्यांचे, वार पूर्ण बुडून वर भरपूर राहील इतके. बरणी अरुंद तोंडाची नको. आत सहज जाणारी वार घट्ट झाल्यावर बाहेर येत नाही, आणि मग विकृतिविभागातील मंडळी आपल्याविषयी जे बोलतात ते छापण्याजोगे नसते.

प्रत्येक वार पाठवण्याची गरज नाही आणि ते शक्यही नाही. हृदयदोषाचे निदान झालेले बाळ, एकाच वारेवरची जुळी, चौतिसाव्या आठवड्यापूर्वीचा प्री-एक्लॅम्प्सिया, खूप खुरटलेले बाळ, मृत जन्म आणि जन्मजात हृदयदोष असलेली माता, एवढ्यांच्या वारा पाठवाव्यात. सोबतच्या कागदावर गरोदरपणाचे आठवडे, बाळाचे वजन, मातेचा रक्तदाब व साखर, आणि बाळाच्या हृदयाचे निदान ठळक अक्षरांत लिहावे. ‘वार, तपासणीसाठी’ एवढेच लिहून आलेल्या बरणीतून विकृतितज्ज्ञाला जे दिसते, त्याच्या कितीतरी पट अधिक त्याला ‘बाळ, सदतीस आठवडे, महारोहिण्यांची अदलाबदल’ या चार-पाच शब्दांनी दिसू लागते.